पलंग एक, नायक दोन

बाहेर बर्फाचं वादळ. हॉटेलात एकच खोली शिल्लक. खोलीत एकच पलंग. आणि एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेले दोन देखणे पुरुष. पुढे काय होणार हे तुम्हाला कळलं, मला कळलं, गल्ल्यावरच्या मॅनेजरलाही कळलं. कळत नाही ते फक्त त्या दोघांना. पुढची तीनशे पानं.

मी असली पुस्तकं वाचतो. आवडीनं वाचतो.

हे सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपल्याला वाचवायला धावतो. "अभ्यास म्हणून ना?" नाही हो. "समाज समजून घ्यायला?" तेही नाही. शेवट ठाऊक असूनही झोपमोड करून वाचतो. आता बोला.

'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' घ्या. केसी मॅक्विस्टन यांची २०१९ ची कादंबरी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षबाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र शाही लग्नात भांडतात आणि पंचाहत्तर हजार डॉलरच्या केकसकट जमिनीवर येतात. अब्रू झाकायला मैत्रीचं नाटक. नाटकाचं प्रेम व्हायला कितीसा वेळ लागणार? "राजपुत्र असा प्रेमात पडतो का कुठे?" असं विचारणाऱ्यांनी शेवट बघावा. राष्ट्राध्यक्षबाई टेक्सास जिंकून पुन्हा निवडून येतात. टेक्सासनं डेमोक्रॅट उमेदवाराला शेवटची साथ दिली १९७६ मध्ये. त्या मानानं राजपुत्राचं प्रेम म्हणजे निव्वळ माहितीपट.

मग रेचल रीड यांची आइस हॉकी. 'हीटेड रायव्हलरी', हीसुद्धा २०१९ चीच. एक कॅनडाचा शिस्तशीर शेन, दुसरा रशियाचा उर्मट इलिया. मैदानात हाडवैर, हॉटेलात भलतंच, आणि हे वर्षानुवर्षं. २०२५ च्या अखेरीस त्यावर मालिका आली. आइस हॉकीत चेंडू नसतो एवढंही ज्यांना ठाऊक नव्हतं, ते सामन्यांच्या वेळापत्रकावर हळवे झाले.

आता म्हणाल, एवढे समलिंगी खेळाडू असतात का? रीडबाईंच्या पुस्तकमालिकेत एक जोडी जुळली की पुढच्या पुस्तकात दुसरी तयार. एनएचएल या आइस हॉकीच्या खऱ्या लीगमध्ये खेळत असताना हे उघडपणे सांगणारा आजवर एकही नाही. शेकडो खेळाडू, दशकांमागून दशकं, आणि एकही नाही.

अतिरंजित नक्की काय आहे, कादंबरी की लीग?

पुढचा आक्षेप ठरलेला. "सगळं साचेबद्ध असतं." असतंच! आधी वैर मग प्रेम, खोटी खोटी जोडी, एक खडूस एक खेळकर, जखमेवर मलमपट्टी करताना भिडलेली नजर, शेवटून दुसऱ्या प्रकरणात फुटकळ गैरसमज. चाहते याची यादी आधी मागतात आणि मग पुस्तक घेतात. पुरणपोळीत पुरण निघालं म्हणून तक्रार करणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

आणि साच्यांना नाकं मुरडणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी सातनंतर काय चालू असतं? 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेत नायकाला सहा आया होत्या. सहा! नायिका जान्हवीचं गरोदरपण तर इतकं लांबलं की कळा अख्ख्या महाराष्ट्राला आल्या. 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये गडगंज श्रीमंत नायक मध्यमवर्गीय असल्याचं सोंग घेऊन हिंडला. तेव्हा कुणी वास्तववादाची चौकशी केली नाही. वास्तववाद आठवतो तो दोन्ही बाजूंना मिशा असल्या की.

या कादंबऱ्यांचा एक उपप्रकार तर असा आहे की त्यात पुरुष चक्क गरोदर राहतात. ईऽऽ म्हणालात?

१९८८ आठवा. पुणं आठवा. 'अशी ही बनवाबनवी' आठवा. भाड्याच्या जागेपायी परशा धनंजय मान्यांची बायको होतो. मग 'पार्वती'ला दिवस जातात, डोहाळजेवण होतं, वर गाणं होतं. खोटं लग्न, एका छपराखाली सक्तीचा सहवास, गरोदर पुरुष. एकाच सिनेमात तीन साचे कोंबले आणि तीन पिढ्यांनी सहकुटुंब बघितले. आजही टीव्हीवर लागला की जेवणाचं ताट तिथेच येतं.

तो विनोद होता, म्हणता? बरोबर. दोन पुरुषांच्या संसाराला हसायचं असेल तर ती करमणूक. हळवं व्हायचं असेल तर लगेच संस्कृती आडवी येते.

बरं, समलिंगी माणसांवरचं 'चांगलं' साहित्य चालतं. त्याला पुरस्कार देतात, त्यावर परिसंवाद घेतात. फक्त एक अट असते. शेवटी कुणी तरी मेलं पाहिजे.

जेम्स बाल्डविनच्या 'जिओव्हानीज रूम'मध्ये जिओव्हानीच्या नशिबी गिलोटिन. ॲनी प्रूंच्या 'ब्रोकबॅक माउंटन'मध्ये दोघांतला एक जातो आणि दुसऱ्याच्या हाती सदरा उरतो. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये कुणी मरत नाही, पण पेइंग गेस्ट भावाला सोडून बहिणीबरोबर पळतो आणि पुढे तिलाही सोडतो. सगळी मोठी पुस्तकं, मोठी नाटकं. वाद नाही. पण एखाद्याला कधी तरी सुखानं म्हातारं होऊ द्याल की नाही?

ई. एम. फॉर्स्टर नावाच्या साहेबाला हेच वाटलं. हा साहेब तसा आपल्या ओळखीतला. १९१२ च्या हिवाळ्यात देवासच्या मराठा संस्थानात पाहुणा म्हणून आला, १९२१ मध्ये तिथल्याच पवार महाराजांचा खासगी सचिव झाला. या दोन फेऱ्यांच्या मध्ये, १९१३-१४ मध्ये, त्यानं 'मॉरिस' लिहिली. नायक शेअर दलाल, प्रियकर इस्टेटीवरचा रखवालदार. रखवालदार रात्री शिडी लावून खिडकीतून आत येतो.

शिडी! खिडकी! श्रीमंत-गरीब! आणि म्हणे, साचे आजकालच्या पोरींनी आणले.

फॉर्स्टरनं हट्टानं शेवट गोड केला. तिथेच फसला. कुणाला फासावर लटकवलं असतं तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, अशा अर्थाचं त्यानं स्वतःच पुढे नोंदवलं. इंग्लंडात तेव्हा हे प्रेम गुन्हा होतं, आणि गुन्हेगार सुखी दाखवायचे नसतात. कायदा बदलला १९६७ मध्ये, फॉर्स्टर गेला १९७० मध्ये, पुस्तक आलं १९७१ मध्ये. सुखान्त छापायला लेखकाला मरावं लागलं. शोकांतिकेचा कोटा असा पूर्ण झाला.

थोर दुःख कुणालाही मिळतं. सुमार सुखाला मात्र वशिला लागतो.

म्हणून मला ही बटबटीत पुस्तकं आवडतात. त्यांत कुणी समाजाचं प्रतिनिधित्व करत नाही, कुणी व्यवस्थेचा बळी नसतो. दोन माणसं मूर्खासारखी भांडतात, मूर्खासारखी प्रेमात पडतात आणि शेवटच्या पानावर कुत्रा पाळतात. बाकीच्या जगाला हा मूर्खपणा फार पूर्वीपासून फुकट मिळतो. त्याला आपण विवाहसंस्था म्हणतो.

"पण असल्या फालतू पुस्तकांनी काय होतं?" चीनला विचारा. तिथे एका लेखिकेला २०१८ मध्ये अशाच एका चावट कादंबरीसाठी साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. आपले समीक्षक ज्या पुस्तकांना चार ओळींच्या लायकीचं समजत नाहीत, त्यांना न्यायाधीशांनी दशकभर किंमत दिली.

तिथलीच 'द अनटेम्ड' ही २०१९ ची मालिका. मूळ कादंबरीत दोन तरुणांचं प्रेम, पडद्यावर मात्र जिवलग मैत्री. सरकारची परवानगी हवी ना! मग दोघे पन्नास भाग एकमेकांकडे बघत राहिले आणि जगभरच्या प्रेक्षकांना सगळं समजलं. सेन्सॉरनं चुंबन कापलं. नजर कापायची राहून गेली.

थायलंड जास्त व्यवहारी निघालं. तिथल्या या प्रकारच्या मालिकांत नायक हमखास इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो. २०१६ ची 'सोटस' तर सगळीच इंजिनिअरिंगच्या सीनियर-ज्युनियरवर. २०२५ च्या जानेवारीत त्या देशात समलिंगी विवाहाचा कायदाही लागू झाला. मराठी आईबापांची समजूत काढायला याहून सोपा मार्ग नाही. मुलगा आहे ना? असू दे. इंजिनिअर आहे ना? मग पुढचं बोला.

आता जरा चाहत्यांनाही टोचू. तुमच्या नायकांच्या पोटावर सहा घड्या आहेत आणि घरात भांडी घासायला कुणी नाही. एकालाही टक्कल पडत नाही, एकाचाही हप्ता थकत नाही. खऱ्या समलिंगी पुरुषांपैकी काही म्हणतात, आमचं आयुष्य म्हणजे तुमच्या काचेच्या कपाटातली बाहुली नव्हे. हा आक्षेप खरा आहे. खिशात ठेवावा आणि अधूनमधून काढून वाचावा.

दुसरा आक्षेप मात्र मजेशीर. "बायका कशाला पुरुषांविषयी असलं लिहितात?" अगं बाई! शंभर वर्षं मराठी पुरुषांनी नायिकेच्या ओल्या केसांपासून ते तिच्या अंतर्मनापर्यंत सगळं परस्पर लिहिलं. तेव्हा कुणी परवाना मागितला होता?

आणि परवाना मागणारे आता वाचकांतही निघालेत. बेकी अल्बर्टाली यांनी समलिंगी मुलाची गोड गोष्ट लिहिली, तर 'हिला काय अधिकार' म्हणून इतकं छळलं की २०२० मध्ये त्यांना आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर करावं लागलं. 'हार्टस्टॉपर' या पुस्तकावरच्या मालिकेतला नट किट कॉनर याच्यावर तीच वेळ २०२२ मध्ये आली. वय अठरा. मनाविरुद्ध कुणालाही उघडं पाडू नये, हा ज्या गोष्टीचा गाभा, तिच्याच चाहत्यांनी हे केलं. पुस्तक वाचलं होतं की नुसतं मुखपृष्ठ?

आपल्याकडे काय स्थिती? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा काच काढला. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा प्रश्न आला, तेव्हा तो संसदेकडे टोलवला. म्हणजे एकच पलंग कायदेशीर, मांडव प्रलंबित. शिवाय पलंग ठेवायला घर हवं. दोन पुरुषांनी पुण्यात फ्लॅट शोधून बघावा. सोसायटी आधी विचारणार, "बॅचलर का?" होय म्हणालात तर जागा नाही, नाही म्हणालात तर अजिबातच नाही. संथ आचेवरचं प्रेम, चाहते ज्याला स्लो बर्न म्हणतात, ते हेच.

आणि मराठीत अशी पुस्तकं? आत्मकथनं आहेत, चर्चा आहेत, गंभीर विशेषांक आहेत. एसटी स्टँडवर विकत घ्यावी आणि घाट उतरेपर्यंत संपवावी अशी टाइमपास कादंबरी शोधून दाखवा. खरं तर चावटपणा आपल्याला नवा नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेच्या खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटली. वाह्यात प्रेमकथेसाठी दिल्लीपर्यंत लढलेली भाषा ही! आता एका पलंगाला बिचकते?

कथानक मी देतो. फुकट. एक देवगडचा बागायतदार, एक रत्नागिरीचा. खरा हापूस कुणाचा, यावर दोन घराण्यांचं तीन पिढ्यांचं वैर. मुंबईच्या बाजार समितीत हमरीतुमरी. परतताना जुलैतला पाऊस, घाटात दरड, लॉजवर एकच खोली. जुलैत कुठला हापूस, असं विचारू नका. ती वास्तववादाची सवय आधी सोडा. शिवाय दोन्हीकडच्या हापूसला एकाच भौगोलिक मानांकनात सरकारनं २०१८ मध्येच बसवलंय. आंब्यांना जमलं, बागायतदारांना का जमू नये?

कुणी लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. प्रकाशक म्हणतील वाचक नाहीत, वाचक म्हणतील पुस्तक नाही, आणि दोघेही चोरून इंग्रजीतून वाचतील. मग साहित्य संमेलनात ठराव होईल की तरुण पिढी मराठी वाचत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. अभिनंदन. आता तिला थोडं फालतूही होऊ द्या.