रामटेकची सहा प्रश्नचिन्हे

मराठी नावे गुप्त राखण्याची जी सोय आपल्या व्यापारी संगणकांत आहे, ती बँकेच्या लॉकरलाही जमायची नाही. कृतीदेव फॉन्टमध्ये ‘रामटेक’ टाइप केले की पडद्यावर रामटेकच दिसते; आत मात्र इंग्रजी जे, के, ई, व्ही, एस, डी ही अक्षरे साठतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की प्रभू रामचंद्रांचे ‘जेकेई’ होते. चोराने नेऊन नेऊन काय न्यावे?

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली. पण घाई कशाला?

खरी प्रगती कुणी उत्साहाने एन्कोडिंगची, म्हणजे अक्षर-कोष्टकाची, सेटिंग बदलल्यावर होते. युनिकोडमधले ‘रामटेक’ जुन्या लॅटिन रकान्यात शिरले की सहा प्रश्नचिन्हे उमटतात: र, काना, म, ट, मात्रा, क, प्रत्येकाला एक. काना-मात्रेलाही अक्षराइतकाच मान! मनसर आणि मौदा, या दोन्ही गावांची चार-चार. गिऱ्हाइकांच्या यादीतले उधारीचे आकडे तेवढे शाबूत राहतात, कारण इंग्रजी अंक बहुतेक कोष्टकांत सारखेच असतात. तेव्हा मनसर-मौद्याच्या गिऱ्हाइकांनी बाकी आपसात वाटून घ्यावी, हे उत्तम.

रामटेकच्या गडावर मात्र अजून ढिलाई आहे. केवल नरसिंह मंदिरातला पाचव्या शतकातला वाकाटक शिलालेख बराच झिजला, तरी अभ्यासक त्यातला उरलेला मजकूर वाचतात. तो तातडीने संगणकात चढवून घ्यावा.