तिसाव्या पानावरचा खुनी

रहस्यकादंबरीतला खुनी मला तिसाव्या पानाच्या आसपास कळतो. कसा, ते विचारू नका. विचारलंत तर मी सांगेन, आणि त्यात तुमची संध्याकाळ जाईल. घरात माझी ही ख्याती सर्वमान्य आहे, म्हणजे मी सांगायला लागलो की सगळे ‘मान्य’ म्हणून उठतात. ही म्हणते, “अहो, पण तुम्ही तिसाव्या पानावर सहा जणांची नावं घेता. त्यातला एक निघणारच.” अशा वेळी मी काही बोलत नाही, पान उलटतो. या क्षेत्रात मला एकच प्रतिस्पर्धी आहे आणि तो सांगलीत राहतो. त्याच्याकडे नंतर येतो.

जुलैत आमच्या साताऱ्याचा अजिंक्यतारा ढगात गेला की मी नातेवाइकांना यादी पाठवतो : यंदाच्या पावसाळ्यात कोणत्या रहस्यकादंबऱ्या वाचाव्यात. यादी कुणी मागितलेली नसते. कोयनेतून किती पाणी सोडलं याचे आकडेसुद्धा कुणी मागत नाही, तरी ते येतातच ना. माझ्या यादीत पिस्तुलं, पाठलाग, तळघरं नसतात. मला आवडतो तो कोझी मिस्टरी नावाचा प्रकार. त्यात खून होतो, पण चारचौघांत सांगता येईल असा. गाव छोटं असतं, पोलीस चुकण्यापुरते असतात, आणि शोध लावते एखादी विणकाम करणारी म्हातारी. अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल 1930 साली कादंबरीत आली, तेव्हापासून त्या सेंट मेरी मीड नावाच्या चिमुकल्या खेड्यात इतके मुडदे पडले की शिरगणती करणाऱ्याला दया यावी.

ख्रिस्तीबाई मराठीत आणणाऱ्यांत मधुकर तोरडमल होते. हे कळल्यापासून माझी एक अडचण झाली आहे. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधल्या त्यांच्या प्राध्यापकांना ऐन वेळी शब्द आठवत नसे आणि सगळा कारभार ‘ह’च्या बाराखडीवर चाले. त्यामुळे शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमले, गुप्तहेर उभा राहिला, की मला धडकी भरते. आता हा बोट रोखून म्हणणार, “खून केलाय तो या... ह्यानं!” आणि पडदा.

यंदाच्या यादीत पहिलं नाव रिचर्ड ऑसमनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’चं आहे. पुस्तक 2020 चं, पण साताऱ्यात ते नवंच धरतात. निवृत्तांच्या वसाहतीतले चार जण दर गुरुवारी जमून पोलिसांना न सुटलेली प्रकरणं सोडवतात. साताऱ्यात निवृत्तांची इतकी सुबत्ता आहे की वाराला एक असे सात क्लब निघतील. आमचा एक आहेही, संध्याकाळी फिरून झाल्यावर कट्ट्यावर भरतो. मी तिथे दोनदा खुनाचा विषय काढून पाहिला. पण महागाई भत्त्याच्या थकबाकीपुढे चर्चा सरकत नाही, आणि त्या प्रकरणातला गुन्हेगार सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

दुसरं नाव देताना माझा आवाज जरा चढतो. सुजाता मॅसी या अमेरिकेत राहणाऱ्या लेखिकेची ‘द सातापूर मूनस्टोन’ ही 2019 ची कादंबरी. काळ 1922, सह्याद्रीतलं एक संस्थान, धो धो पाऊस, पालखीतून प्रवास, अल्पवयीन राजा आणि त्याच्या शिक्षणावरून दोन राण्यांत तंटा. तो मिटवायला मुंबईहून परवीन मिस्त्री ही पारशी वकीलबाई येते. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी आहेत, 1866 साली आपल्या नाशकात जन्मलेल्या, पडद्याआडच्या राण्यांची आणि विधवांची कायद्याची कामं बघणाऱ्या. सगळं झकास आहे. पण सातापूर? शेवटच्या अक्षरापर्यंत आणून बाईंनी हात का आखडला? मी यावर चांगला तापलो होतो. मग हिनं आठवण करून दिली की साताऱ्याचं राज्य डलहौसीनं 1848 सालीच खालसा केलं. 1922 साली इथे राजगादीवरून भांडायला राज्यच नव्हतं. म्हणजे बाईंनी इतिहास वाचला होता. माझा राग आता डलहौसीवर आहे.

मराठीत तरी कुठे वेगळं आहे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला, सुहास शिरवळकरांचा मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद आम्ही रांग लावून वाचले. झुंजार आला, काळा पहाड आला, कॅप्टन दीप येऊन गेला. पण माझ्या आठवणीत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एकही मुडदा पडलेला नाही. ही उणीव भरून काढायला कुणीतरी पुढे यायला हवं होतं, आणि आजूबाजूला पाहिलं तर मीच उभा होतो.

कादंबरीची अर्पणपत्रिका लिहून झाली आहे. सत्काराला उत्तर देणारं भाषणही तयार आहे. जागा ठरली : भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 ला पुस्तकांचं गाव झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर. एका घरात कथा, एका घरात चरित्रं, एका घरात बालसाहित्य. कुणीही यावं, दुसऱ्याच्या ओसरीवर पाय पसरून वाचत बसावं. रहस्यकथाकाराला याहून काय हवं? दिवसभर घरात परकी माणसं, प्रत्येकाच्या तोंडासमोर पुस्तक, बाहेर धुकं. खून झाला तर सगळे संशयित आणि प्रत्येकाची साक्ष एकच, “मी वाचत होतो.”

अडलं ते हत्यारावर. कोझीमध्ये विष लागतं. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखान्यात काम करत होत्या, त्यामुळे कोणती पुडी किती वेळात काय करते हे त्यांना पाठ होतं. पण त्यांचं विष चहातून जातं, आणि तिथल्या चहात प्रत्येकाचा कप निराळा, साखर निराळी, दूध निराळं. आपला चहा एकाच पातेल्यात उकळतो. घालायचं तर अख्खं कुटुंब जाईल, आणि कोझीत एवढी हानी चालत नाही. कपात घालावं तर पाहुणा हमखास म्हणणार, “मला अर्धाच,” आणि अर्धा शेजारच्याच्या कपात ओतणार. सांगलीचं भडंगही तपासलं. त्यात एवढा लसूण आणि मिरची असते की विषाला कुणी विचारणार नाही. शिवाय ते वर्तमानपत्रावर पसरून दहा हातांनी खातात.

मग एका पहाटे मला कंदी पेढा सुचला. साताऱ्याचा कंदी पेढा! खवा खमंग भाजलेला, त्यामुळे वासाची पंचाईत नाही. खुनी भिलारच्या घरमालकाला पेढ्यांचा बॉक्स देतो. आता नीट लक्ष द्या. घरमालकाला मधुमेह आहे. साहजिकच बॉक्स न उघडता कऱ्हाडच्या व्याह्यांकडे जातो. व्याही त्याच आठवड्यात साताऱ्याला जाऊन आलेले, घरात आधीच दोन बॉक्स. म्हणून हा तिसरा नातवाच्या मास्तरांना, इस्लामपूरला. मास्तरांना सांगलीला बारशाला जायचं असतं, रिकाम्या हाताने कसं जाणार? बारशाच्या घरात पेढ्यांचा डोंगर झालेला, तिथून तो तासगावच्या मावशींबरोबर निघतो. मावशी द्राक्षांच्या पेटीबरोबर तो वाईच्या नणंदेला देतात. आणि गणपतीत वाईची नणंद दर्शनाला येते ती थेट भिलारला, त्याच घरमालकाकडे. बॉक्स गणपतीपुढे ठेवला जातो. आरती होते. प्रसाद वाटायला सुरुवात होते. रांगेत कोण उभा असतो? खुनी! त्याला दोरीची गाठ ओळखू येते, कारण ती त्यानेच बांधलेली. कुणी ती सोडलेलीच नाही! प्रसादाला नाही म्हणता येत नाही. तो घामाघूम होतो आणि म्हणतो, “मला नको, शुगर आहे.” कोपऱ्यातली म्हातारी विणकाम थांबवते. “तुला शुगर? काल तर चार मोदक हाणलेस.”

मी हे वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर घरात खरंच शांतता पसरली. मग ही म्हणाली, “आणि पेढा तोपर्यंत टिकला?”

“कंदी पेढा टिकतो.”

“टिकतो. पण द्राक्षांच्या दिवसांपासून गणपतीपर्यंत?”

कादंबरी सध्या इस्लामपूरला थांबली आहे.

दुसरी अडचण मी हिला सांगितलेली नाही. सातारा-सांगली या आमच्या दोन जिल्ह्यांत खून होतच नाहीत असं थोडंच आहे? रोजच्या पेपरात एखादा असतो. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भावाभावांत. त्यात रहस्य मात्र नसतं. मारणारा बरेचदा स्वतःच चौकीत जाऊन उभा राहतो. बँकेच्या नोकरीत मी काही काळ आटपाडी भागात होतो. तिथे स्वतंत्रपूर आहे, 1939 साली औंध संस्थानानं मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. जन्मठेपेचे कैदी तिथे बायकामुलांसह राहतात, शेती करतात. कोंडून ठेवणारी भिंत नाही. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 साली आला तो यावरूनच, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच मुलखातले. बाजारात मी अधूनमधून एका माणसाकडून मेथी घ्यायचो. तो तिथला आहे हे मला फार उशिरा कळलं. जुडी बांधताना पिवळं पान दिसलं की काढून टाकायचा, आणि माझ्याकडे न बघता सुटे पैसे द्यायचा. त्यानं कुणाला, का, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या आवडत्या पुस्तकांत खुनी सापडला की पुढे दोन पानांत चहा येतो आणि गोष्ट मिटते. त्या माणसाची गोष्ट तिथून पुढे वीस वर्षं चालली होती, आणि त्यातल्या एकाही पानाचा अंदाज मला बांधता आला नसता. तेव्हापासून अर्नाळकरांच्या मुडद्याला मी जरा कमी हसतो. जरा.

आता सांगलीचा प्रतिस्पर्धी. माझी थोरली बहीण सांगलीत असते. तिच्या नावावर तिथल्या एका वाचनालयाचं सभासदत्व आहे, वापरतो मी. तिथल्या रहस्यकथांत वीस-पंचवीस पानांच्या आत कुठेतरी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं : ‘खुनी : डॉक्टर.’ खाली दोन रेघा. अक्षर जुन्या वळणाचं, पाय मोडलेला एक शब्द नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. असल्या माणसाला मी कोझीतसुद्धा दया दाखवली नसती. पण चडफडत शेवटपर्यंत गेलो आणि डॉक्टर निर्दोष निघाला. पुढच्या पुस्तकात ‘खुनी : धाकटी सून’. तीही निर्दोष. हा गृहस्थ सगळीकडे खोटी नावं लिहून ठेवत होता! आणि माझं दुःख निराळंच होतं. तो जे खोटं नाव लिहायचा, नेमकं तेच माझ्या सहा नावांत पहिलं असायचं.

मी त्याचा माग काढायचा ठरवलं. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठ्या जुळवल्या, पेन्सिल कठीण की मऊ ते पाहिलं, ‘ख’च्या पोटावरून वय काढलं. ताई म्हणायची, “बाळ्या, विचार ना सरळ वाचनालयात.” सरळ विचारायला मी काय पोलीस आहे?

मग ऑगस्ट 2019. कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. सांगलीत फूट सांगितले की पुढचं सांगावं लागत नाही; पंचेचाळीस म्हणजे धोका, हे तिथली पोरंही जाणतात. ताई वरच्या मजल्यावर सुखरूप होती. सांगली नगर वाचनालयात हजारो पुस्तकं बुडाली, शंभर वर्षं जपलेली, पुन्हा न मिळणारी. आमच्या त्या वाचनालयातही तेच झालं. मी गेलो तेव्हा फुगलेली पुस्तकं ट्रॉलीत भरत होते. कपाटात वरच्या फळ्यांवर मराठी रहस्यकथा नव्हत्याच. त्या खाली ठेवलेल्या, मुलांच्या हाताला लागाव्यात म्हणून.

नंतर महाराष्ट्रभरातून पुस्तकं आली. कोरी, चकचकीत. मी ती आणायचो, वाचायचो, समास पांढरे स्वच्छ. कुणी चुकीचं नाव सांगत नव्हतं आणि मला पुढे वाचायची घाई होत नव्हती. त्या माणसाचं घर कुठल्या भागात असेल, असं वाचता वाचता मनात यायचं. नदीकाठच्या गावभागात असेल तर? मी पान उलटायचो.

मागच्या पावसाळ्यात मात्र ख्रिस्तीबाईंचा एक अनुवाद उघडला आणि बाविसाव्या पानावर पेन्सिल. अक्षर थरथरलेलं, रेघा दोनच, पण एकमेकींना छेदणाऱ्या. ‘खुनी : नर्स.’ मी पुस्तक तसंच घेऊन काउंटरवर गेलो.

“माझ्या आधी हे कुणी नेलं होतं?”

“काका, नाव सांगता येत नाही तसं.” मॅडमनी पुस्तक हातात घेतलं, पान पाहिलं आणि ड्रॉवरमधून खोडरबर काढला.

“राहू द्या,” मी म्हणालो.

“मग पुस्तक खराब केल्याचा दंड तुमच्या कार्डावर पडेल.”

“पडू द्या. आणि हे अक्षर माझं नाही, पण त्याच्या कार्डावर टाकू नका.”

त्यांनी पावती फाडली, शिक्का मारला, पुस्तक पुढे सरकवलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, “पण या वेळी नर्सच आहे हो. मी वाचलंय.”