घरच्या घरी सीटीआर

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहून घरी बेण्णे डोसा करायला घेणं म्हणजे आळंदीत राहून नव्याने ज्ञानेश्वरी लिहायला बसण्यासारखं आहे. सातव्या क्रॉसला, मार्गोसा रोडच्या कोपऱ्यावर सीटीआर उभं आहे. त्याचं आताचं नाव 'श्री सागर', पण तसं कोणी म्हणत नाही. सेंट्रल टिफिन रूम हे नाव १९२०च्या दशकातलं, आणि नवं नाव तोंडात बसायला मल्लेश्वरमकर साधारण शंभर वर्षं घेतात. लोण्यात भाजलेला तो जाड, तांबूस, वरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत डोसा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर मिळतो. तरीही हा उद्योग आमच्या घरात झाला, कारण भाच्याला स्टेक खायचा होता.

भाचा नोकरीसाठी पुण्याहून आला आणि आमच्याकडे उतरला. पहिल्याच पगारात मित्रांबरोबर म्युझियम रोडवरच्या 'द ओन्ली प्लेस'मध्ये स्टेक खाऊन आला. बेंगळुरूच्या स्टेकवाल्यांत ते जुनं, नावाजलेलं ठिकाण. परत येऊन म्हणाला, ''मामा, हे घरी अर्ध्या पैशात होतं.'' घरोघरच्या स्वयंपाकघरांतले बहुतेक अनर्थ याच वाक्याने सुरू झालेले असतात. चार दिवसांत बिडाचा एक स्किलेट आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर घरी आला. स्किलेट इतका जड, की उचलताना दोन्ही हात आणि थोडी श्रद्धा लागते.

अडचणी तीन होत्या. पहिली कायद्याची: कर्नाटकात २०२१पासून गोहत्याबंदीचा कडक कायदा आहे. दुसरी खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंची. त्यांना सगळे अज्जी म्हणतात. आम्ही लसूण कधी सोलला हे त्या तळमजल्यावरून सांगू शकतात, आणि एकादशीला सोलला तर सांगतातच. तिसरी अडचण मामी. ती एवढंच म्हणाली, ''त्या तव्यावर काय हवं ते कर. फक्त अज्जींना जिना चढून वर यावं लागेल असं काही करू नकोस.''

भाचा चिकाटीचा. त्याने वाचन वाढवलं आणि एका रात्री जाहीर केलं की स्टेक आणि डोसा हे मुळात एकच आहेत. लुई-कामिय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२मध्ये मांडून ठेवलंय: प्रथिनं आणि साखर तापली की एकमेकांशी जुळतात, नवा रंग आणि नवा वास तयार होतो. साधारण १४० अंशांच्या पुढे हा प्रकार जोर धरतो. पावाची कड, भाजलेली कॉफी, स्टेकचा पापुद्रा, सीटीआरच्या डोशाची पाठ, सगळ्यांचं गोत्र तेच. हे अज्जींना कळू द्यायचं नाही, असं घरात एकमताने ठरलं, आणि स्किलेट डोशासाठी मुक्रर झाला.

तांदूळ, उडीद, मूठभर पोहे, थोडी चणाडाळ, मेथीदाणे. इथवर कोणीही जातं. पण महिना जानेवारीचा होता. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, आणि इथल्या हवेचं कौतुक सगळे करतात, फक्त डोशाचं पीठ करत नाही. सकाळी पाहिलं तर पीठ रात्री होतं तिथेच. मामीने पातेल्याला भाच्याचं ऑफिसचं जाकीट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी पीठ फुगलं, आणि जाकिटाला आंबूस वास लागला तो होळीपर्यंत टिकला. कंपनीत त्याच्या शेजारची खुर्ची बरेच दिवस रिकामी राहत होती म्हणे.

खरा घोळ तव्याचा. हॉटेलातला तवा म्हणजे जाडजूड लोखंडी पाट. सकाळी एकदा तापला की गार व्हायचं नाव घेत नाही. एका वेळी डझनभर डोसे घातले तरी त्याचा पारा ढळत नाही. आचारी त्यावर पाणी मारतो, चर्रर होतं, वाफेचा लोट उठतो, आणि त्या वाफेतच तो हिरांच्या खराट्याने पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून घेतो. मग पळीने पीठ, वाटीच्या बुडाने गरागरा गोल, आणि वरून लोणी. तो मुळीच घाई करत नाही, तरी त्याचा हात कुठे थांबलेला दिसत नाही.

आमच्या तव्यावर पाणी शिंपडलं तर थेंब मोत्यांसारखे पळायला लागले. भाचा खूश. याला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात, १७५६पासून माहीत आहे, थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतो! तेवढ्यात पीठ घातलं, ते पसरायच्या आत आवळलं आणि पळीला लोंबकळत वर आलं. थेंब पळतात तेव्हा तवा गरजेपेक्षा तापलेला असतो, हे मामीला लायडेनफ्रॉस्टशिवाय माहीत होतं. भाच्याने मग मल्लेश्वरमच्या बाजारातून कोरा खराटा आणला. ''केर काढायची वस्तू माझ्या ओट्यावर?'' या एका प्रश्नावर खराटा बाल्कनीत गेला. ओट्यावर आला तो काट्याला टोचलेला अर्धा कांदा.

तरीही रंग जमला, कडा जमल्या. आणि तिथे लोणी आलं. बिनमिठाचं, नंदिनीचं. सीटीआरमध्ये लोणी पडतं तेव्हा आपण टेबलाशी बसलेलो असतो, पाहत नसतो. आमच्याकडे ते मामीच्या हातात होतं, चहाच्या चमच्यात, आणि तिच्या डोळ्यांसमोर माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट होता. हॉटेलच्या चवीचं गुपित मला त्या क्षणी उमगलं. पीठ, तवा, आच ही सगळी पुढची गोष्ट. लोण्याच्या चमच्याशी आपल्यावर जीव असणारं माणूस उभं नसावं, ही पहिली अट. स्टेकचंही हेच असणार. ताटात येईपर्यंत त्यात किती लोणी जिरलंय हे बायकोला दिसलं, तर जगातली निम्मी स्टेकहाउसं उद्या बंद पडतील.

एवढ्यात वासाने अज्जी जिना चढून वर आल्याच. त्यांना डोसा वाढला आणि मी माझ्या आवडत्या विषयाला हात घातला. म्हटलं, अज्जी, हे बेंगळुरू आमच्या शहाजीराजांच्या जहागिरीतलं. तुमच्या काडु मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. सांबारसुद्धा तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं अशी कथा आहे. (मराठी माणूस परमुलखात तीन वर्षं राहिला की निम्मा इतिहासकार होतो.) अज्जींनी शांतपणे घास संपवला. म्हणाल्या, ''देवाला गाव तुम्ही दिलंत, फार चांगलं केलंत. डोशाचं आमच्याकडे असू द्या.'' मग ताटलीकडे पाहत कन्नडमध्ये निकाल दिला, ''चेन्नागिदे. आदरे बेण्णे कम्मि.'' छान झालाय, पण लोणी कमी. मामीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा वाचकहो, बिडाच्या तव्यावर थालीपीठ लावा, झाकण ठेवा, कडेने तेल सोडा. तसं कुठल्या हॉटेलात मिळत नाही. बेण्णे डोशासाठी मात्र सरळ सातव्या क्रॉसला या. रविवारी येऊ नका, रस्त्यावर उभं राहावं लागतं. अनोळखी माणसं टेबलाशी येऊन बसली तर सरकून जागा द्या, तिथली तीच रीत आहे. डोसा दोघांत एक मागवू नका. आणि मधले दुपारचे काही तास हॉटेल बंद असतं, तेवढं पाहून निघा.