सुताराच्या नाकासाठी एक पेटी

माहूर हे गाव आवाजाच्या बाबतीत भिडस्त नाही. गडावर रेणुकामातेच्या नावाचा गजर, दत्तशिखराकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न आणि तांबूल कुटण्याचा ठकठकाट. यातला एकही आवाज पेटीत कोंडावा असं कुणी म्हणणार नाही. विडा कुटणं थांबलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. अशा गावात एखाद्या सुताराने भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमला आवाज अडवणारी पेटी करायला घेतली, तर लोक त्याला काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि माहूर-किनवट हा तर सागाच्या जंगलाचा मुलूख, इथं सुताराला हसणारेही लाकडातले जाणकार असणार. माझं म्हणणं मात्र असं आहे, की ही पेटी सागवानी दिवाणापेक्षा गरजेचं फर्निचर आहे. फक्त ती कानासाठी करायची नाही, नाकासाठी करायची.

पुरावा भुशातच आहे. रंध्यातून निघणारी कुरळी ढलपी देखणी आणि बिचारी निरुपद्रवी, ती पायाशी पडून राहते. भीती आहे ती सँडर फिरवल्यावर उडणाऱ्या पिठाची, जे धड दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हे तिथले शेजारी. कठीण लाकडाच्या धुळीचा रोख मुख्यतः नाकावर असतो. यावर आपल्याकडचा पारंपरिक इलाज म्हणजे तोंडाला बांधलेली दस्ती. ती धूळ अडवते असं सुताराला वाटतं, धुळीला वाटत नाही. खरा इलाज म्हणजे सँडरला पाइप जोडून जागच्या जागी धूळ ओढणारा व्हॅक्यूम. पण त्याची छोटी मोटर मिनिटाला वीस-वीस हजार फेरे घेते आणि चिरक्या सुरात किंचाळते. करवतीच्या आवाजाला माणूस काम म्हणतो, व्हॅक्यूमच्या आवाजाला कटकट म्हणतो. मग फोन आला की तो बंद, गिऱ्हाईक आलं की बंद, आणि पुढे ‘दोनच फळ्या घासायच्यात’ म्हणून सुरूच होत नाही. बंद व्हॅक्यूम अतिशय शांत असतो, यात वाद नाही.

पहिला आक्षेप हिशेबी माणसाचा: कटर ९५ डेसिबलने ओरडत असताना ८५ च्या व्हॅक्यूमला पेटी कसली घालता? हा माणूस स्वतःला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे. डेसिबल आपल्या शाळेतल्या बेरजेला जुमानत नाहीत. ९५ शेजारी ८५ ठेवले तर १८० होत नाहीत, साधारण ९५.४ होतात. म्हणजे कटर फिरतोय तोवर पेटी असली काय, नसली काय, सारखंच. पण कटर दिवसभर फिरत नाही. लाकूड कापायला मिनिटं लागतात, घासायला तास लागतात, आणि घासताना सर्वांत मोठा आवाज बहुधा व्हॅक्यूमचाच असतो. सर्वांत बारीक धूळही नेमकी तेव्हाच उडते. संध्याकाळी झाडून घेताना केरसुणी ती पुन्हा हवेत चढवते, ते वेगळंच. शिवाय आवाज दहा डेसिबलने उतरला तरी कानाला तो जवळपास निम्मा वाटतो, आणि निम्म्या कटकटीवर माणूस यंत्र चालू ठेवतो. मला एवढंच हवं आहे.

कानात बोळे घाला, हा दुसरा सल्ला. जरूर घालावेत, कटरपाशी तर घालावेतच. पण बोळे घातलेल्या सुताराला गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप ऐकू येत नाही, आणि उधारी मागताना गिऱ्हाइकाला बोळे नसतानाही ऐकू येत नाही. तिसरा सल्ला, यंत्रच बाहेर ठेवा. याचा मान ह्युबर्ट सेसिल बूथचा. १९०१ मध्ये लंडनमध्ये त्याने काढलेलं धूळ ओढणारं यंत्र इतकं अवजड होतं की ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं, आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. घरातली माणसं खूष झाली, रस्त्यावरचे घोडे बुजले. आवाज बाहेर ठेवणं म्हणजे तो दुसऱ्याला देणं, हे घोड्यांना ताबडतोब कळलं होतं.

तेव्हा पेटीच. ती कशी करावी हे शिकायला मंगल कार्यालयामागचा ‘सायलेंट’ जनरेटर पाहावा. केंद्र सरकारने २००२ मध्ये नियम केला, की एक हजार केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. तेव्हापासून ही धुडं पत्र्याच्या कपाटात राहायला गेली. कपाट नीट पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात: भिंती जड आहेत, आणि हवेला वाट आहे. पहिली गोष्ट सगळ्यांना पटते, दुसरी कुणालाच नाही. हौशी माणूस पेटी गच्च बंद करतो आणि आत अंड्यांचे ट्रे चिकटवतो. त्या ट्रेंनी अंडी सांभाळली जातात, आवाज नाही. आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड प्लायवूड किंवा एमडीएफ, आणि आतून त्याला शोषणारं रॉकवूल. मराठवाड्यात कापूस मुबलक आहे हे खरं, पण तापलेल्या मोटरशेजारी त्याची गादी घालण्याची कल्पना अग्निशमन दलासाठी राखून ठेवावी. कारण बाराशे वॅटचं यंत्र घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने परत करतं. घरातली इस्त्रीही साधारण तेवढीच वीज घेते, आणि चालू इस्त्री कपाटात ठेवून कुणी कुलूप लावत नाही.

पण हवेला भोक ठेवावं तर तिथूनच आवाज निसटतो. पेटीच्या पृष्ठभागाचा एक टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीच्या भिंती पोलादाच्या करा, घट साधारण २० डेसिबलच्या पलीकडे जात नाही. यावरची युक्ती आपल्या किल्ले बांधणाऱ्यांना ठाऊक होती: गोमुखी दरवाजा. वाट बंद करायची नाही, वळवायची, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. पेटीतही आडव्या फळ्या घालून हवेला दोन-तीन वळणं द्यायची आणि वळणावळणावर रॉकवूल लावायचं. हवा गल्लीबोळातून निमूट जाते, चिरका सूर भिंतींवर आपटत दमतो. ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूममध्ये मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून अशा वाटा दोन हव्यात, एक यायची आणि एक जायची. दाराच्या फटीला रबर लावायला सुताराला सांगावं लागू नये, पण स्वतःच्या कामात सुतार फटी सोडतो, ही जुनीच तक्रार आहे.

राहिला नवरात्राचा आक्षेप: कर्णे वाजताना ही चोचलेगिरी कशाला? कायदा या बाबतीत उदार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सण-उत्सवासाठी राज्य सरकार रात्री दहा ते बारा ध्वनिवर्धकाला सवलत देऊ शकतं, वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस सुताराचेच आहेत, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. म्हणून हवा बाहेर पडायचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे ठेवू नये. सासऱ्यांचं घर त्या बाजूला असेल तर दोन वळणं जास्त द्यावीत.