अहो, जरा टॉर्च धरता का?

पुण्यात कोथरूडपासून सिंहगड रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात, १९९० च्या आगेमागे बांधलेली कुठलीही सोसायटी घ्या. तिथे लिफ्ट असेल-नसेल, टँकर वेळेवर येईल-न येईल, पण रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला पार्किंगमध्ये एका गाडीचं बॉनेट उघडं असणार आणि त्यात एक गृहस्थ कमरेपर्यंत शिरलेले असणार. बाहेर फक्त लेंगा दिसतो. येणारे-जाणारे त्या लेंग्यालाच नमस्कार करतात. हे रविवारचे मेस्त्री.

यांची पहिली खूण अशी की नोकरीत यांचा इंजिनाशी कधीही संबंध आलेला नसतो. ज्यांनी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत उभी हयात इंजिनं जोडली, ते निवृत्तीनंतर गाडी निमूटपणे सर्व्हिस सेंटरला देतात आणि गॅलरीत पेपर वाचत बसतात. त्यांनी इंजिन पोटभर पाहिलेलं असतं. रविवारचे मेस्त्री निघतात ते जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून, विमा कंपनीतून, क्वचित एखाद्या कॉलेजच्या संस्कृत विभागातून. आमच्या सोसायटीतले काका बँकेच्या ऑडिट खात्यातले. व्हाउचर नसलेला खर्च शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीबरोबर खतावण्या सुटल्या, पण नजर सुटेना. दोन-तीन वर्षं त्यांनी ती सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबावर वापरली, त्यात दोन सेक्रेटरी गेले. मग एक दिवस त्यांना कळलं की इंजिनातसुद्धा हिशेबाबाहेरची हवा शिरते, आणि सोसायटी वाचली.

त्यांची गाडी म्हणजे कार्बोरेटरवाली मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, पण काकांच्या मते ती खरी संपली ते कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं तेव्हाच. तर ही गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, स्लो टिकायचं नाही, मधूनच बंद पडायची. चोक ओढला की शहाणी व्हायची. सातारा रस्त्याला लागली की काही तक्रार नाही. गॅरेजवाल्याने एक हात बॉनेटवर ठेवून, नजर मोबाइलवरून न हलवता सांगितलं, "काका, कुठूनतरी एअर खातेय. कार्बोरेटर नवीन टाकू." यातलं दुसरं वाक्य काकांपर्यंत पोचलंच नाही. पहिल्यानेच ते मोहरून गेले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा ओढतो. पण गाडी उभी असताना, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे झडपेपलीकडे, मेनिफोल्डमध्ये, चांगलीच पोकळी तयार होते. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल, आत तीस-पस्तीस. आता जी हवा कार्बोरेटरमधून रीतसर येते, तिला तिच्या मापाचं पेट्रोल जोडून मिळतं: वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. पण एखाद्या रबरी नळीला चीर गेली, कार्बोरेटरखालचं पॅकिंग वाळलं, मेनिफोल्डचा बोल्ट सैल झाला, की तिथून फुकटी हवा घुसते. तिला पेट्रोल कोण देणार? मिश्रण पातळ होतं आणि एखादा सिलिंडर पेटायचं नाकारतो. मारुतीला मुळात सिलिंडर तीनच.

"मग हायवेला का नाही होत?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही, पण माझ्या हातात दूध होतं.

"हायवेला झडप उघडी. आतली पोकळी कमी आणि हवेची उलाढाल प्रचंड. मोठ्या उलाढालीत किरकोळ अफरातफर दिसत नाही हो. ती सापडते मंदीत." एवढं बोलून ते दोन पायऱ्या खाली गेले, आणि वळून म्हणाले, "रविवारी मोकळे आहात ना?"

रविवारच्या मेस्त्रीला टॉर्च धरणारा लागतो. हे पद मानाचं नाही आणि त्याला सुट्टीही नाही. मोबाइलचा टॉर्च चालत नाही, घरातला तीन सेलचा पितळी बॅटरी-टॉर्चच लागतो, आणि तो कसाही धरला तरी चुकीचाच धरलेला असतो. "इथे नाही, तिथे." 'तिथे' म्हणजे नेमकं कुठे, हे लेंग्याकडे पाहून ओळखायचं. मधूनच आतून एक हात बाहेर येतो आणि "दहा-अकरा" म्हणतो. हा पाना जगातल्या प्रत्येक पेटीत असतो आणि नेमका हवा तेव्हा कुठल्याच पेटीत नसतो. आमचा तो बहुधा मेनिफोल्डखाली पडलेला सापडायचा. तिथे तो मागच्या रविवारी पडलेला असायचा.

तपासाची सुरुवात कानाने झाली. चालू इंजिनात फट असली की तिथून बारीक 'स्स्' येतो. तो ऐकायला हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं टोक एकेका सांध्यावरून फिरवायचं. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब राहून, हे काका दर वेळी मोठ्याने म्हणत आणि मग लेंग्याची नाडी आत खोचत. सून डॉक्टर आहे, तिचा जुना स्टेथोस्कोपही आला. त्याची छातीला लावायची चकती काढून तिथे नळीच बसवायची, कारण चकतीतून फक्त धडधड ऐकू येते. स्टेथोस्कोप लावून बॉनेटवर वाकलेले काका पाहून पहिल्या मजल्यावरच्या आजींनी हाक मारली, "मला पण जरा बघता का?" काका वर न पाहता म्हणाले, "स्लोवर कसं वाटतंय?"

कानाला तीन संशयित सापडले. त्यातले दोन म्हणजे शेजारच्या इमारतीतले कुकर होते.

दुसरी पायरी फवाऱ्याची. चालू इंजिनावर एकेका सांध्याजवळ कार्बोरेटर क्लीनर थोडासा मारायचा. फट असेल तिथून तो आत ओढला जातो, पातळ मिश्रणाला ज्वलनशील खुराक मिळतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला तिथे चोर. ही पद्धत खरी आहे, मेस्त्रीही वापरतात, आणि तिच्यात एक अडचण आहे: तो फवारा पेट घेतो. तापलेल्या एक्झॉस्टवर पडला किंवा प्लगच्या फुटक्या वायरीतून ठिणगी उडाली, की संपलं. काकांनी त्यासाठी सोसायटीचं अग्निशामक नळकांडं खाली आणलं. त्याची मुदत केव्हाच संपलेली निघाली. मग तासभर इंजिन बाजूला राहिलं आणि त्या नळकांड्याचं बिल कोणी पास केलं याची चौकशी झाली. शेवटी काकांनी झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली. पाणी पेटत नाही, फटीवर पडलं की क्षणभर ती बुजते आणि सूर बदलतो. फक्त ते डिस्ट्रिब्यूटरवर पडू द्यायचं नाही. ते डिस्ट्रिब्यूटरवर पडलं.

गाडी सुकेपर्यंतच्या आठवड्यात काका जुन्या बाजारात जाऊन व्हॅक्यूम गेज घेऊन आले. धड इंजिनाचा काटा स्लोवर १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर उभा राहतो. आमचा १२ वर उभा होता, स्थिर. काटा नाचत असता तर व्हॉल्व्हची भानगड. खाली येऊन शांत उभा असेल तर एकतर टायमिंग मागे गेलंय नाहीतर हवा आत येतेय. काकांनी टायमिंग दोनदा तपासलेलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे पाच इंच कमी." काकांनी माझ्याकडे ऑडिटच्या नजरेने पाहिलं. ते १७ चे आकडे समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा, आणि पुणं अठराशे फुटांच्या वर आहे. म्हणजे निदान पावणेदोन इंच आपले नव्हेतच. "तफावत सव्वातीन," त्यांनी नोंद केली. हो, वही होती. दोनशे पानी, समास आखलेली.

मग धूर. पहिला प्रयोग अगरबत्तीचा. धूर फटीकडे ओढला जातो हे खरं, पण रेडिएटरचा पंखा त्याचं काही चालू देत नाही. शिवाय एका हातात पेटती अगरबत्ती आणि मांडीला टेकलेला कार्बोरेटर क्लीनरचा डबा, हे दृश्य काकूंनी गॅलरीतून पाहिलं. त्या पुढे जे बोलल्या ते सगळं बरोबर होतं. विझवलेली अगरबत्ती देवघरात परत गेली आणि मी टॉर्च ठेवून थेट घरी.

पण काका आता पेटले होते. गॅरेजमधलं धुराचं यंत्र महाग. घरचं कसं करायचं? झाकणाच्या घट्ट डब्यात बेबी ऑइल, त्यात डिझेल गाडीचा ग्लो प्लग, त्याला बॅटरीची वायर, आणि धूर ढकलायला माशांच्या टाकीचा हवेचा पंप. पंप छोटाच हवा. एक पीएसआयच्या आतला दाब पुरतो, कंप्रेसर लावला तर नको ती सीलं उडायची. ग्लो प्लग नाना पेठेत मिळाला. डबा काकूंचा तुपाचा. बेबी ऑइलसाठी काका केमिस्टकडे गेले तर त्याने हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मुलगा की मुलगी? काकांनी "व्हॅक्यूम लीक" असं सांगितल्यावर त्याने सहानुभूतीने दहा टक्के सवलत दिली.

पुढच्या रविवारी इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरचं तोंड पिशवीने बांधून, एका नळीतून धूर आत सोडला. या वेळी टॉर्च धरायला मी होतो, वॉचमन होता, आणि शाळेची तीन मुलंही होती. काही वेळ काहीच झालं नाही. मग मेनिफोल्डच्या मागच्या अंगाला, जिथे कुणाचा हात जात नाही अशा जागी, धुराची एक सरळ काडी उभी राहिली. तिथे एक न वापरलेलं तोंड होतं आणि ते बंद करणारी करंगळीएवढी रबरी टोपी उष्णतेने कडक होऊन तडकली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी आधी वहीत वेळ लिहिली.

टोपी बदलली आणि गाडी स्लोवर भलत्याच वेगाने गरजायला लागली. कारण फट झाकायला गॅरेजवाल्याने मागे कधीतरी स्लोचा स्क्रू भरपूर आवळून ठेवलेला. गळतीवरचा हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि हिशेब जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम किरकोळ खर्चात टाकणारे अकाउंटंट काकांनी आयुष्यभर पाहिलेले. त्यांनी स्क्रू सोडत सोडत इंजिन नऊशे फेऱ्यांवर आणलं. काटा १७ ला. तीनही सिलिंडर कामावर. चहाचा पेला बॉनेटवर ठेवला तरी हिंदकळेना.

त्यानंतरचे दोन रविवार काकांचे फार वाईट गेले. ते सकाळी बॉनेट उघडायचे, आत बघायचे, आणि मिटायचे. काकूंनीच माझ्याजवळ विषय काढला, "तुमच्या गाडीत काही नाही का हो?"

माझ्या गाडीत नव्हतं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाच्या गाडीत निघालं. इंजिनचा दिवा लागलेला, स्कॅनरवर पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. आता काकांच्या मोबाइलवर आकडे दिसायला लागले. स्लोवर संगणक ठरल्यापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल सोडतोय, अडीच हजार फेऱ्यांवर तेच ५ टक्क्यांवर येतंय. "मंदीत सापडते," काका त्या मुलाला म्हणाले. मात्र हे हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीचं झालं. जी गाडी नुसता मेनिफोल्डचा दाब मोजते तिला चोरीची हवाही आपलीच वाटते, ती हिशेबाने पेट्रोल देते आणि फक्त स्लो वाढतं. त्या मुलाला ऑफिसला जायचं होतं, त्याला हेही ऐकावं लागलं. चोर निघाले उंदीर. त्यांनी ब्रीदरची नळी कुरतडली होती. आता सोसायटीतल्या निम्म्या बॉनेटांखाली काकांनी वाटलेली तंबाखूची पानं आहेत. उंदीर कमी झालेत की नाही माहीत नाही, पण वॉचमन खूश आहे.

एकदाच मी काकांना प्रयोग न करताना पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या की ब्रेक फार जड लागतो आणि गाडी उभी असताना सूं आवाज येतो. काकांनी बंद गाडीत ब्रेक पाच-सहा वेळा दाबला, दाबून धरला आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं की ब्रेकला जोर देणाऱ्या सर्वोला पोकळी मिळते आणि पॅडल पायाखाली किंचित खाली जायला हवं. ते गेलं नाही. काकांनी चावी काढून खिशात टाकली. "ही गाडी ओढून न्यायची. चालवत नाही." वही नाही, टॉर्च नाही, धूर नाही. वहिनींना वाटलं काकांची तब्येत बरी नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली. काका तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. कार्बोरेटर नाही, थ्रॉटल नाही, मेनिफोल्डच नाही. मालकाने कौतुकाने सांगितलं, "काका, हिच्यात हवेचा काही प्रश्नच येत नाही." काका काही न बोलता घरी गेले. रात्री साडेदहाला माझी बेल वाजली. दारात काका, चष्मा कपाळावर, हातात मोबाइल.

"काही इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेकच्या सर्वोसाठी विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप असतो," ते म्हणाले. "पंप आहे म्हणजे नळी आलीच. रविवारी त्याला फक्त बॉनेट उघडायला सांगा. मी सांगितलं तर तो उघडणार नाही."