सोफ्याने भूमिकेला न्याय दिला

गेल्या तीन महिन्यांत नवरा-बायकोच्या नात्यावरची सात नाटकं पाहिली. सातही नाटकांत सोफा होता. तो दोन टोकांना दोघांनी वाटून घेतला की समजायचं, बिनसलंय. मध्ये तिसरं कुणी येऊन बसलं की ती मैत्रीण, आणि मध्यंतरापर्यंत संशय. मग आपण बटाटावडा खायचा. दुसऱ्या अंकात निळा उजेड पडला की माफी.

१९१९च्या 'एकच प्याला'त गडकऱ्यांच्या सिंधूला संसार उद्ध्वस्त होताना बघायला पाच अंक मिळाले. आता मोडलेला संसार दोन अंकांत जुळवून नऊच्या आत हॉल रिकामा करावा लागतो, कारण साडेनऊच्या प्रयोगाचा सोफा बाहेर टेम्पोत उभा असतो! १९९१च्या 'चारचौघी'त वंदना गुप्ते नुसत्या फोनवर बोलायच्या. पलीकडचा नवरा ना दिसायचा ना ऐकू यायचा, तरी तो अख्खा कळायचा. आमच्या सात नाटकांतले सातही नवरे समोर असून कळले नाहीत.

हे छापता मात्र येत नाही. लेखक आमच्याच सोसायटीतला, दिग्दर्शक मेव्हण्याचा वर्गमित्र आणि पास निर्मात्याचे. म्हणून परीक्षणाची एक वेगळी भाषा आहे. 'नेपथ्य समर्पक' म्हणजे सोफा होता. 'संगीत साजेसं' म्हणजे भांडण मिटताना बासरी वाजली. 'दुसरा अंक किंचित रेंगाळतो' म्हणजे मला डोळा लागला. आणि काहीच सुचलं नाही तर सगळ्यांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिलेला असतोच. इतका न्याय कोर्टात मिळाला असता तर फॅमिली कोर्टाबाहेर चहाची टपरी चालली नसती.

परवाच्या नाटकातही दुसरा अंक किंचित रेंगाळला. नायिका सोफ्यावरून उठून टिपेला ओरडली, "अरे, तुला माझं काही ऐकूच येत नाही का?" हिने कोपर मारलं आणि मी दचकून म्हणालो, "आलो, आलो! दूध गॅसवरून उतरवलंय!"

अख्ख्या प्रयोगातला सर्वात मोठा हशा तो. नायकसुद्धा पाठ फिरवून खांदे हलवत होता. ही घरी येईपर्यंत रिक्षात एक अक्षर बोलली नाही. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसावं तशी बसली होती.

सकाळी निर्मात्याचा फोन आला. मला वाटलं, आता परीक्षणाचं विचारणार. त्याने रविवारच्या प्रयोगाचे दोन पास पाठवलेत. त्याच रांगेतले, त्याच खुर्च्यांचे.