पदपथावरील रोजमेळ

फाउंटनच्या पदपथावर चार फळ्या, एक ताडपत्री आणि वरच्या इमारतीची सावली एवढ्या स्थावर-जंगम मालमत्तेवर ज्याचा संसार चालतो, त्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यास सरस्वतीच्या उपासकांत गणावे की अतिक्रमणाच्या आरोपींत, याचा निवाडा १८६४ सालापासून चौकात उभ्या असलेल्या फ्लोरा देवीलाही करता आलेला नाही. परंतु कीर्ती नामक जिन्नसाचा रोजचा बाजारभाव या मुंबईत आमच्याइतका अचूक दुसऱ्या कोणासही सांगता येणार नाही, हे विनय क्षणभर बाजूस ठेवून आम्ही नमूद करतो.

क्रिकेटचेच घ्या. निवड समितीपुढे आकडे असतात, आमच्यापुढे गिऱ्हाईक असते, आणि गिऱ्हाईक आकड्यांहून निर्दय. एखाद्या फलंदाजाने रविवारी शतक झळकवावे, की सोमवारी त्याचे चरित्र आम्ही ढिगातून उपसून, फडक्याने पुसून पहिल्या फळीवर विराजमान करतो आणि दोनशेच्या खाली बोलूच देत नाही. तोच पुढल्या दोन डावांत शून्यावर परतला, की चरित्रासह त्याची रवानगी ‘कुठलेही उचला, पन्नास’ या ढिगात होते. सलग दहा सामने जिंकून आलेला आपला संघ १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, तेव्हा त्याच्या गौरवार्थ निघालेले विशेषांक दुसऱ्या दिवशी भवानीच्या वेळेपर्यंत रद्दीत जमा झाले होते. पुढे वीस षटकांचा विश्वचषक आला, ४ जुलै २०२४ रोजी त्याची मिरवणूक निघाली, आणि मरीन ड्राइव्हकडे लोटलेल्या त्या अथांग जनसमुदायापैकी बरेच जण आमच्या फळ्यांपाशी थांबलेही. पुस्तक कोणी घेतले नाही, चर्चगेटचा जवळचा रस्ता मात्र पुष्कळांनी विचारला.

या चढउतारास अपवाद एकच, तो म्हणजे सुनील गावसकरांचे १९७६ सालचे ‘सनी डेज’. त्याचा भाव पडत नाही, कारण ते विकलेच जात नाही. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत केलेल्या ७७४ धावा निवृत्त गृहस्थांना मुखोद्गत असतात, तरीही त्या छापील स्वरूपात पडताळून पाहण्यासाठी ते दुपारी येतात, उभ्याउभ्या हवे ते पान काढतात, समाधानाने मान डोलावतात, हल्लीच्या पोरांविषयी दोन शब्द बोलतात आणि पुस्तक अदबीने जागेवर ठेवून चालते होतात.

वर्तमानपत्रांशी आमचा संबंध अधिक जिव्हाळ्याचा, कारण ती आम्ही पुस्तकांखाली अंथरतो. सकाळी नगावर घेतलेले विचारधन सायंकाळी किलोवर जाते, ही तक्रार संपादकांनी करावी; आमचा लाभ निराळाच आहे. सामान्य वाचकास बातमी एका दिवशी एक मिळते, आमच्या फळीवर मात्र गतवर्षीचे आश्वासन, गेल्या महिन्यातील खुलासा आणि कालचे ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला’ ही तिन्ही शेजारी शेजारी पसरलेली असतात, आणि त्यांवर एखादी जाडजूड कादंबरी ठेवली की वाऱ्याने उडतही नाहीत.

विक्रीविषयी काय सांगावे! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका सद्गृहस्थांनी आमचे अभिनंदन केले, ज्ञानेश्वरीची बरी बांधलेली प्रत उचलून किंमत विचारली आणि ती ऐकताच सचिंत मुद्रेने पृच्छा केली, “कालपासून भाव वाढवलात वाटतं?” शेवटी ज्ञानेश्वरी राहिली, चिरंजीवांसाठी स्पर्धापरीक्षेचे गाइड मात्र त्यांनी छापील किमतीस, घासाघीस न करता नेले. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर शून्य टक्के आहे. सरकारने आमच्या गल्ल्याचा इतका यथार्थ अंदाज दुसऱ्या कोणत्याही बाबतीत केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा अधिनियम २०१४ साली झाला, आणि कायद्यावर आमची श्रद्धा असल्यामुळे त्याची एक प्रत आम्ही विक्रीस ठेवली होती. मध्यंतरी एके सकाळी ‘गाडी आली’ अशी हाक उठली, ताडपत्री आवरेपर्यंत माल उचललाही गेला, आणि जो कागद आमच्या हाती पडला त्यात संत, नाटककार, मुत्सद्दी आणि सलामीचे फलंदाज या सर्वांची नोंद ‘जुनी पुस्तके, किरकोळ’ अशा समताधिष्ठित शब्दांत केलेली आढळली. यथावकाश दंड भरून, पावती फाडून माल सोडवून आणला व यादीबरहुकूम मोजला, तेव्हा खेळाडू सारे सुखरूप होते, अधिनियम तेवढा कमी भरला. कोणा अंमलदाराने तो वाचावयास ठेवून घेतला असावा, अशी आमची समजूत आहे. तसे असल्यास त्याची किंमत ऐंशी रुपये होते, आणि सरकारी गिऱ्हाइकास साठांतही देऊ.